शास्त्री खोऱ्याचा हिवाळी अंदाज : पुण्यात ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

१८ ऑक्टोबर

पाऊस परतला, आजपासून आंब्याच्या बागांसाठी स्थानिक हवामानाचा अंदाज बांधायचं काम सुरू. क्षेत्र ठरलं आहे: रत्नागिरी जिल्ह्यातलं शास्त्री नदीचं खोरं. पूर्वेला संगमेश्वर, पश्चिमेला जयगडची खाडी आणि खाडीच्या दक्षिणेचा मालगुंडपर्यंतचा किनारा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आम्ही तिघं आहोत. हवामान खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले काका, भौतिकशास्त्र शिकणारी त्यांची पुतणी आणि मी. मालगुंडला माझ्या मामांची हापूसची बाग आहे, संगमेश्वरच्या अलीकडे त्यांच्या व्याह्यांची.

मामांनी फोनवर तीनच प्रश्न दिले. थंडी कधी धरणार, सकाळचं दव किती वाजेपर्यंत राहणार आणि ढग कधी येणार. हापूसला मोहोर यायचा तर पालवी जून, म्हणजे पक्व, झालेली हवी, जमिनीतला ओलावा ओसरलेला हवा आणि रात्री सलग गार हव्यात. थंडी यायला उशीर झाला की झाड पुन्हा पालवी काढतं, मोहोर लांबतो, आणि लांबलेल्या मोहोराचा आंबा बाजारात उशिरा पोचतो. वर्षाचं उत्पन्न या चार महिन्यांतल्या रात्रींवर ठरतं. म्हणून हे काम मला मनापासून करायचं आहे.

खात्याचा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मामा तो वाचतात आणि त्यावर विसंबतातही. पण जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेला, घाटाच्या पायथ्यापासून पुळणीपर्यंत. आम्हाला त्याच सल्ल्याच्या एक पायरी खाली उतरायचं आहे. आमच्या खोऱ्यातल्या खलाटीत, म्हणजे किनाऱ्यालगत, काय होईल आणि वलाटीत, म्हणजे आतल्या भागात, काय, एवढं वेगळं सांगता आलं तरी पुरे.

२५ ऑक्टोबर

मॉडेलचे, म्हणजे हवामानाचा अंदाज गणिताने काढणाऱ्या संगणकी कार्यक्रमाचे, चौकोन नकाशावर आखले. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलची खुली माहिती अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या जाळीवर मिळते. आपल्याकडे त्याचा एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. मालगुंड ते संगमेश्वर सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, म्हणजे अख्खं खोरं जेमतेम दोन चौकोनांत बसतं. त्यातला किनाऱ्यावरचा चौकोन मॉडेल एकतर समुद्र धरतं किंवा जमीन, अधलंमधलं काही नाही. समुद्र धरला तर रात्रीचं तापमान पाण्याच्या तापमानाला चिकटून राहतं. नोव्हेंबरात अरबी समुद्राचं पाणी इथे २८ अंशांच्या आसपास असतं. मग सूर्य मावळल्यावरही मॉडेलच्या मालगुंडात गारवा उतरतच नाही, आणि खरं मालगुंड पहाटे शाल शोधत असतं.

जुन्या नोंदींचंही तेच. पुण्यातून हवामान खातं देशभराची जाळीबद्ध माहिती देतं. पावसाची पाव अंशावर आहे आणि १९०१ पासूनची आहे, पण तापमानाची एक अंशावर. एक अंश म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. रत्नागिरीजवळच्या अशा एका चौकोनात समुद्र, कातळ, घाट आणि देश सगळे एकत्र येतात. दीर्घकाळाचा कल पाहायला ती माहिती मोलाची आहे, बागेसाठी मात्र तिला हात लावायचा नाही असं ठरवलं.

आशेची गोष्ट आमच्याच शहरात आहे. पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) विकसित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची जाळी सहा किलोमीटरची आहे. तिच्यामागचा ‘अर्क’ महासंगणकही पाषाणलाच आहे. सहा किलोमीटरवर मालगुंड आणि संगमेश्वर नक्की वेगळे पडतात. तरी एखाददोन किलोमीटर रुंदीचं नदीचं पात्र आणि त्याच्या कडेचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, तिलाही पूर्ण दिसणार नाही. ते शेवटचं अंतर आम्हाला स्थानिक नोंदींनीच भरावं लागेल.

१ नोव्हेंबर

काकांकडे शिवाजीनगरला बैठक. बोलता बोलता सिमला ऑफिसचा विषय निघाला. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण चौकाला आणि बसथांब्याला नाव सिमला ऑफिसच राहिलं. काकांची उमेदीची वर्षं त्या आवारात गेली.

त्यांनी एक चांगला धडा दिला. म्हणाले, “कोकण राहू दे, आधी पुणं बघ. थंडीत पाषाण, एनडीए, हवेली यांचा किमान तापमानाचा आकडा शिवाजीनगरच्या खाली असतो आणि मगरपट्टा, कोरेगाव पार्क वर. एकाच शहरात, एकाच रात्री. तुझ्या खोऱ्यात याहून कमी फरक असेल असं कशावरून धरतेस?” तापमापी गच्चीवर आहे की मोकळ्या शेतात, भोवती सिमेंट आहे की गवत, यावर किमान तापमान अंशांनी बदलतं. त्यामुळे मालगुंडला यंत्र कुठे लावायचं हे अंदाजाच्या सूत्राइतकंच महत्त्वाचं ठरलं.

८ नोव्हेंबर

आज वेळेचा गुंता सोडवला. याबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण असं काम करू पाहणाऱ्या कुणालाही हा गुंता लागणारच.

मॉडेल जागतिक वेळेवर चालतं. तिथे शून्य वाजले की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. जीएफएस किमान तापमान सहा-सहा तासांच्या तुकड्यांत देतं, म्हणजे रात्रीचा एक तुकडा साडेअकराला सुरू होऊन साडेपाचला संपतो. पण कोकणात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, आणि निरभ्र रात्री तापमान सूर्योदयाच्या आगेमागेपर्यंत उतरतच राहतं. खरा नीचांक सहा-सातच्या दरम्यान, पुढच्या तुकड्यात. पहिलाच तुकडा वाचला तर रोजचा अंदाज थोडा उबदार निघतो, आणि त्या चुकीचं खापर विनाकारण मॉडेलवर फुटतं. वेधशाळेत किमान तापमापी सकाळी साडेआठला वाचतात, त्यात आधीची पूर्ण रात्र येते. म्हणून आमचा ‘दिवस’ही साडेआठ ते साडेआठ असा बांधला आणि दोन्ही तुकड्यांतला कमी आकडा घ्यायचा असं सूत्रात बसवलं.

१५ नोव्हेंबर

यंत्रं लागली. एक मामांच्या बागेत, पुळणीपासून आत. एक वरच्या सड्यावर, कातळावर. तिसरं संगमेश्वरकडे, नदीकाठच्या बागेत. उंची जमिनीपासून सव्वा मीटर, वेधशाळेच्या पिंजऱ्यातल्या तापमापीइतकी. पिंजरा म्हणून एकावर एक पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा, मधून हवा खेळेल अशा. संदेश पाठवणारा मुख्य खांब सड्यावर उभा केला, कारण तिथून दोन्ही बाजू नजरेच्या टप्प्यात येतात. खाऱ्या हवेत आर्द्रतेचा संवेदक लवकर बिघडतो, म्हणून मालगुंडचा संवेदक जाळीच्या टोपीत ठेवला आणि महिन्याने तपासायची जबाबदारी मामेभावाने घेतली.

व्याह्यांनी पाय धुवायला लावून आधी जेवायला बसवलं, मग बागेत नेलं. यंत्र नदीच्या अगदी काठाला नको, पुरात जाईल, असं त्यांचं म्हणणं. हिवाळ्यापुरतंच आहे म्हटल्यावर तयार झाले.

२३ नोव्हेंबर

या आठवड्याने प्रकल्पाची दिशा ठरवली.

उत्तरेतून पश्चिमी झंझावात पुढे सरकला आणि त्याच्यामागून कोरडी उत्तरेची हवा महाराष्ट्रावर उतरली. पुण्यात हुडहुडी भरली. आमच्या तीन यंत्रांचे आलेख एकावर एक ठेवले तर सर्वांत गार संगमेश्वरचा नदीकाठ, त्यानंतर मालगुंड, आणि सर्वांत उबदार वरचा सडा. उंचीनुसार तापमान घटतं, किलोमीटरला साधारण साडेसहा अंश, असं पुस्तकात असतं आणि अंदाजाचे बहुतेक संगणकी कार्यक्रम तीच दुरुस्ती आपोआप लावतात. दिवसा ते ठीक. पण निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. खाली गार, वर उबदार असा उलटा थर बसतो. अशा रात्री उंचीची दुरुस्ती सड्याला आणखी गार दाखवते, म्हणजे खऱ्याच्या नेमकं उलट. पुतणीने ती दुरुस्ती रात्रीपुरती काढून टाकली.

मग मालगुंडचा आलेख. मध्यरात्रीपर्यंत तापमान फारसं हललं नाही, मग तास-दीड तासात झपकन उतरलं. वाऱ्याची नोंद बघितली तर त्याच सुमारास वारा पूर्वेचा झालेला. मतलई, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली होती. खोऱ्यात साचलेली गार हवा नदीच्या वाटेने खाडीकडे वाहत आली आणि किनाऱ्याला भिडली. मामा म्हणाले, “मतलई सुटली की थंडी धरते हे आजोबांपासून ठाऊक आहे गं. ती कधी सुटणार, ते सांग.”

म्हणजे किनाऱ्याच्या हिवाळी अंदाजात विचारायचा पहिला प्रश्न तापमानाचा नाहीच. रात्री वारा कुठून येणार आणि त्या हवेत बाष्प किती, हे दोन आधी. तापमान त्यांच्यामागून येतं.

२७ नोव्हेंबर

बाष्पाचं मोजमाप म्हणून दवबिंदू घेतला. हवा थंड होत दवबिंदूला पोचली की बाष्प पानांवर जमू लागतं, जमताना उष्णता सोडतं आणि पुढची घसरण मंदावते. संध्याकाळचा दवबिंदू हा त्या रात्रीच्या तापमानाचा जवळपास तळ. दिवसभर खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वाहिला असेल तर दवबिंदू वीसच्या घरात, मग कितीही निरभ्र असो, रात्र फार खाली जात नाही, पण पानं ओलीचिंब. उत्तरेची किंवा पूर्वेची कोरडी हवा आली असेल तर तळ कितीतरी खाली, आणि पानं कोरडी.

रात्रींचे तीन प्रकार केले: कोरडी मतलई रात्र, दमट रात्र, ढगाळ रात्र. मॉडेलची सरासरी चूक प्रत्येक प्रकारासाठी वेगळी काढायची. सगळ्या रात्री एकत्र केल्या की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि हाती गुळमुळीत दुरुस्ती उरते.

४ डिसेंबर

ढगांसाठी जुने प्रसंग तपासले. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ: अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आलं, कोकणातले मच्छीमार त्यात गेले. डिसेंबर २०१७ चं ओखी चक्रीवादळ: श्रीलंकेजवळ तयार होऊन अरबी समुद्रातून वर सरकलं, ४ आणि ५ डिसेंबरला कोकणात पाऊस. डिसेंबर २०२१ ची सुरुवात: चक्रीवादळ नव्हतं, पण समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आणि उत्तरेचा झंझावात जुळून आले, मुंबई-कोकणापासून पुण्यापर्यंत दिवसभर पाऊस आणि गारठा, जुन्नर-आंबेगावकडे कितीतरी मेंढ्या दगावल्या.

युरोपीय हवामान केंद्राच्या इरा-५ या पुनर्विश्लेषणात, म्हणजे जुन्या नोंदी मॉडेलमध्ये घालून मागची हवा पुन्हा उभी केलेल्या माहितीत, हे तिन्ही दिवस तासातासाने पाहिले. बागेच्या दृष्टीने मला पावसाच्या आधीचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटले. थेंब पडण्याआधी वरच्या थरातले ढग येतात, रात्रीचं तापमान चढतं, हवा दमट होते. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे तेव्हाच बळावतात आणि पाऊस पडला की करपा हा बुरशीचा रोग. पाऊस सांगण्याआधी ढगाळ रात्र सांगता आली तर बागायतदाराला हात हलवायला वेळ मिळतो.

ढगासाठी मॉडेलच्या एकाच फेरीवर विसंबायचं नाही. जीएफएसच्या समूह अंदाजात ३१ सदस्य असतात, सुरुवातीची स्थिती थोडीथोडी बदलून चालवलेले. त्यातले किती ढगाळ म्हणतात ते पाहायचं आणि तेवढाच भरवसा शब्दांत उतरवायचा.

१० डिसेंबर

बागायतदारांना रोज पाठवायचा संदेश कसा असावा यावर बरीच चर्चा झाली. पुतणीला आलेख पाठवायचे होते. मामा म्हणाले, “आलेख तुमच्याजवळ ठेवा. मी चुलीपुढे चहा घेताना वाचणार, चार ओळी द्या.” त्यांची अडचण खरी आहे. संध्याकाळी साडेसातला मजुरांना उद्याचं सांगावं लागतं.

ठरलेला नमुना असा: “आज रात्री मतलई मध्यरात्रीनंतर. खलाटीत पहाट गार, वलाटीत अधिक गार. दव हलकं, नऊपर्यंत वाळेल. खारा वारा बाराच्या सुमारास. परवा ढग येण्याची शक्यता निम्मी.” आकडा हवा त्याच्यासाठी शेवटी, पल्ल्यात: इतक्या ते इतक्या अंशांदरम्यान.

“फवारू की थांबू?” हा प्रश्न मामा विचारणारच. त्याचं उत्तर आम्ही देणार नाही. पालवीवर पहिली फवारणी, बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना दुसरी, असं वेळापत्रक दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आहे आणि ते वर्षानुवर्षांच्या प्रयोगांवर उभं आहे. मोहोर पूर्ण फुललेला असताना औषध मारलं तर परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात, हा निर्णय बागेत उभं राहूनच घ्यायचा. दव वाळण्याची आणि वारा उठण्याची वेळ मात्र आम्ही सांगू शकतो. पानं सुकल्यापासून खारा वारा जोर धरेपर्यंतचे दोन-तीन तास, कामाचे तेच.

१९ डिसेंबर

पडताळणी. काकांची अट होती की कोणताही अंदाज दोन साध्या गोष्टींच्या पुढे गेला पाहिजे: ‘काल जेवढं तेवढंच आज’ आणि ‘या तारखेची सरासरी’. यांना हरवता येत नसेल तर मॉडेल चालवायचं कशाला?

मालगुंडला सलग स्थिर रात्रींमध्ये ‘काल जेवढं तेवढंच’ फार चांगलं ठरतं. समुद्रकाठी हवा आपली सवय सहज मोडत नाही. आमचा फायदा दिसतो तो हवा पालटण्याच्या रात्री: दमटाकडून कोरड्याकडे जाताना आणि ढग येताना. मागच्या दोन आठवड्यांची सरासरी चूक वजा करण्याची रूढ पद्धत नेमकी तिथे मागे पडते, कारण ती कालच्या हवेची चूक आजच्या हवेला लावते. रात्रीच्या प्रकारानुसार केलेली दुरुस्ती पहिल्याच रात्री योग्य बाजूला जाते. बागायतदाराला पालटाचीच रात्र आधी कळायला हवी असते, त्यामुळे पडताळणीत त्या रात्रींचा हिशोब वेगळा ठेवणार.

संगमेश्वरला चित्र अधिक चांगलं आहे. तिथे समुद्राची लुडबुड कमी.

२ जानेवारी

सड्यावरच्या यंत्रातून वाऱ्याचे आकडे येईनात. मामेभाऊ जाऊन आला, कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलं होतं. साफ करून जाळी बसवली. मधले दिवस पडताळणीतून वगळले.

११ जानेवारी

थंडीची सलग फेरी. किनारपट्टीसाठी थंडीच्या लाटेचा निकष वेगळा आहे: किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली, आणि सरासरीहून किमान साडेचार अंशांनी कमी. मैदानी भागासाठी तोच आकडा १० आहे. पुण्यात १५ अंशांना कुणी स्वेटर काढणार नाही. शिवाजीनगरने १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश पाहिलेत. पण मालगुंडच्या झाडाला १५ ही मोठी बातमी असते.

मामांचा सूर काळजीचा. पहिल्या मोहोराची फळं वाटाण्याएवढी झाली आहेत आणि थंडी अशीच लांबली तर त्याच काडीवर पुन्हा मोहोर फुटेल. पुनर्मोहोर आला की झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं गळतात. विद्यापीठाची शिफारस जिबरेलिक आम्लाची आहे, ५० पीपीएम म्हणजे वीस लिटर पाण्यात एक ग्रॅम, पण ती पहिला मोहोर पुरेसा आलेला असतानाच करायची असते. म्हणजे लांबणाऱ्या थंडीचा अंदाज आधी हवा. पुढच्या हंगामात दहा दिवसांचा ढोबळ कल द्यायचा, आकडे न देता, फक्त “कोरड्या मतलई रात्री सुरू राहतील की मोडतील” एवढाच. समूह अंदाजातून तो काढता येईल असं आतापर्यंतच्या नोंदींवरून दिसतं.

गार रात्री, उबदार दुपारी आणि सकाळचा दमटपणा यांत मोहोरावरची भुरी ही बुरशी वाढते, हेही संदेशात आता एका शब्दाने येतं: “भुरीची हवा”. ही सूचना व्याह्यांची.

२४ जानेवारी

वायव्येची हवा, आभाळ दुधाळ. २३ जानेवारी २०२२ ला अशीच वाळवंटाकडची धूळ मुंबई, कोकण आणि पुण्यापर्यंत आली होती आणि दिवसाही गारवा राहिला होता. मॉडेलच्या साध्या ढगांच्या आकड्यात धूळ येत नाही. आमच्या यंत्रावरचं दुपारचं तापमान अंदाजाच्या बरंच खाली. तूर्त हाताने शेरा लिहायचा.

८ फेब्रुवारी

ऋतू कलतोय. आता प्रश्न दुपारचा. हिवाळ्यात देशातली सर्वाधिक कमाल तापमानं पुष्कळदा रत्नागिरी पट्ट्यातच नोंदली जातात. लोकांना आश्चर्य वाटतं, पण कारण वाऱ्यातच आहे. पूर्वेची हवा घाट उतरताना दाबली जाऊन तापते. ती जोरात असली की समुद्रावरून येणारा खारा वारा अडून राहतो, अकरा-बाराला यायचा तो दोनला येतो, तोवर कातळ तापत राहतो. किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंश आहे, तोही सरासरीहून साडेचार अंश चढलेला. फेब्रुवारीत अशी दुपार आली की सुपारीएवढी फळं गळतात, उन्हाकडच्या बाजूला करपतात.

रात्रीसाठी बांधलेलं सूत्र इथेही चालतंय याचं समाधान मोठं आहे. पहाटेची मतलई किती जोराची आणि किती वर पोचलेली, यावरून खाऱ्या वाऱ्याची वेळ पुष्कळ अंशी सांगता येते. पुतणीने जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटरवरचा, म्हणजे ८५० हेक्टोपास्कलचा, पूर्वेचा वारा त्यात जोडला. संदेशातल्या “खारा वारा बाराच्या सुमारास” या ओळीला आता सर्वांत जास्त मागणी आहे. खाडीतले होडीवालेही ती विचारू लागलेत. त्यांना आम्ही इन्कॉइस या केंद्र सरकारच्या सागरी माहिती संस्थेच्या सूचनाच पाहायला सांगतो, लाटांचं ते काम आमचं नाही.

२२ फेब्रुवारी

या हंगामातला शेवटचा नियमित संदेश शनिवारी जाईल. यंत्रं मार्चअखेर उतरवायची, नदीकाठचं आधी. मालगुंडचा आर्द्रता संवेदक मामेभावाने तपासला, वाचन वर सरकलंय. नवा घ्यायचा आणि जुन्याचे शेवटचे आकडे नव्याशी शेजारी ठेवून दुरुस्त करायचे.

पावसाळ्यात करायची कामं: भारत फोरकास्ट सिस्टीमचे आकडे या खोऱ्यासाठी मिळवून आमच्या तीन प्रकारांत घालून पाहणे. धुळीसाठी वेगळा शेरा आपोआप पडेल अशी सोय. खाडीच्या उत्तर काठावर, गुहागर तालुक्याच्या बाजूला, चौथं यंत्र. मतलई पात्रातून बाहेर पडल्यावर कुठे वळते ते त्याशिवाय कळणार नाही. व्याह्यांनी तिकडच्या एका बागायतदाराशी बोलणं केलंय, त्यांची जागा दत्तजयंतीच्या आत बघायची म्हणजे उशीर, म्हणून गणपतीत गावाला जाऊ तेव्हाच खांब उभा करायचा.